डाव्या हाताची मुरड

बबनभाऊ कणकेला माल म्हणायचे. गवंडी लोक सिमेंट-वाळूच्या कालवणाला म्हणतात ना, तो माल. "वैनी, आज माल लय सैल झालाय," असं म्हणत ते परात घेऊन आमच्या मागच्या दारात उभे राहायचे, आणि मी बघायची तर परातीत तांदळाच्या पिठाचा नुसता चिखल. तरुणपणी ते गवंड्याच्या हाताखाली कामाला होते. मळवलीत आणि तिकडं औंढ्याच्या बाजूला जे बंगले उठले, त्यातल्या कितीतरी भिंतींना त्यांचा हात लागलाय. पुढं त्यातल्याच एका बंगल्यावर ते राखणदार म्हणून राहिले. हातातली थापी सुटली, पण तोंडातली भाषा काही सुटली नाही. भाकरीला तडा गेला की म्हणायचे, "पाणी कमी मारलं." मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकलं की म्हणायचे, "आता बसू द्या तिला. घाईनं भिंत बी फुगती आन् पोळी बी फाटती."

उंच माणूस, जरा पुढं वाकून चालायचा. डोक्याला टोपी, खांद्याला पंचा. आणि डावरा. बिडी, विळा, थापी, सगळं डाव्या हातात. हे डावखुरेपण ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

त्यांची बायको हिरा गेली तेव्हा त्यांची लेक वैशाली, म्हणजे आमची वैशी, बालवाडीत जात होती. हिरानं कावीळ अंगावर काढली. लावणीचे दिवस होते, आज जाते डॉक्टरकडं, उद्या जाते, असं करता करता राहिलं. तेरावं झाल्यावर हिराची बहीण पोरीला न्यायला आली. ओट्यावर बसून सगळ्यांसमोर म्हणाली, "दाजी, बाप्या माणसाच्यानं व्हतंय का हे? पोरीची वेणी घालाल का भाकरी थापाल?"

भाऊ म्हणाले, "दोन्ही शिकंन."

लोक हसले. मलाही वाटलं, चार दिवस करतील आणि मग पोरीला पाठवतील मावशीकडं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या मागच्या दारात. हातात रिकामी परात.

"वैनी, भाकरी शिकवा."

मी म्हटलं, "अहो भाऊ, मी आमच्याबरोबर तुमच्याही दोन टाकत जाईन की. त्यात काय एवढं."

"तुमी आज द्याल, उद्या द्याल. न्हाई म्हणणार न्हाई तुमी. पर साळंतनं येताना पोरीला आपल्या घरातनं धूर निघताना दिसाया पायजे. तिला वाटाया पायजे, घर चालू हाय."

बसवलं त्यांना चुलीपुढं.

आता तांदळाची भाकरी म्हणजे ज्वारी-बाजरीसारखी नाही. तिला उकड काढावी लागते. जेवढं पीठ तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ टाकून उकळायचं, त्यात पीठ घालायचं, उलथन्यानं हलवून झाकण ठेवायचं. मग गरम आहे तोवर, हात भाजतोय तोवरच मळायचं. गार झालं की संपलं. एकदा मळून मऊ झालं की मग सोपं आहे हो, लहान पोरगीसुद्धा थापेल. पण भाऊंनी पहिला गोळा उचलला आणि भिंतीला गिलावा मारतात तसा लांबून परातीत हाणला. पीठ माझ्या कपाळावर. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या, कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "बबन्या, परात हाय ती. मागच्या दारानं पलीकडं निघंल भाकरी." मग त्यांचं लक्ष हाताकडं गेलं. "आन् डाव्या हातानं कुटं थापतोस? देवाच्या निवदाला डावा हात चालत न्हाई."

"देवाला उजव्यानं वाढीन, आत्याबाई. थापणार डाव्यानंच. त्योच हात माझं ऐकतो."

पहिले काही दिवस भाकरी उंबऱ्याएवढी जाड. वैशी वरचा पापुद्रा तेवढा सोलून दुधाबरोबर खायची आणि खालचं बापाला ठेवायची. तो ते चहात बुडवून खायचा आणि म्हणायचा, "घरचं हाय, चालतंय." हे त्यांचं पालुपदच होतं. करपलं, घरचं हाय. खारट झालं, घरचं हाय. आणि एक दिवस मी विहिरीवरून येत होते तर वैशी रस्त्यात उभी राहून मला हाका मारतेय. "काकी, फुगली. बाबांची फुगली." मी जाऊन बघितलं तर तव्यावर भाकरी टम्म, आणि भाऊ तिच्याकडं असे बघतायत की जणू स्लॅब ओतला आणि खालच्या फळ्या काढल्यावरही तो उभा राहिला.

गिरणीत तर रोज गंमत. बायकांच्या रांगेत हा एकटा बाप्या, डोक्यावर दळणाचा डबा. आमचे गिरणीवाले रशीदभाई मोठे टवाळ. ते म्हणायचे, "बबन, दळणाला येतोस ते येतोस, आता संक्रांतीला हळदीकुंकवाला पण येत जा. वाण काय लुटशील?" भाऊ शांतपणे पीठ बोटांत घेऊन चोळायचे आणि म्हणायचे, "रशीदभाई, तुमी आधी जातं टाकवून घ्या, दगड झिजलाय. पीठ जाड पडतंय. माल धरत न्हाई." बायका हसायच्या ते रशीदभाईंना. पण दुसऱ्या दिवशी जात्याला टाकी बसलेली असायची.

भाकरीनंतर मी त्यांना चिकोल्या शिकवल्या. वरणफळं म्हणतात काही लोक. घरात पोरं असतील आणि अंगात करायची ताकद नसेल, तर याच्यासारखं दुसरं काही नाही. सकाळची आमटी उरलेली असते, ती पातळ करून उकळी आणायची, कणकेत हळद-तिखट-ओवा घालून पोळी लाटायची, तिच्या वड्या कापून उकळत्या आमटीत सोडायच्या. वरून तूप. झालं जेवण. भाऊ त्या वड्या अशा कापायचे की फरशी बसवायला निघालेत. सगळ्या सारख्या. कडेचे वाकडे तुकडे निघायचे, ते वैशीचे. हुलग्याच्या शेंगोळ्या वळायच्या असल्या की वैशी पिठाची वळकटी घेऊन आपल्या नावाची अक्षरं करायची. ती पण रश्श्यात शिजायची. जेवताना ती ताटात हुडकायची, "बाबा, माझा वै कुठंय?" आणि बाप पातेल्यात पळी घालून सगळ्या शेंगोळ्या बाजूला करत तिचा वै शोधायचा. गुळाचे पानगे, तिखटमिठाच्या पुऱ्या, नागपंचमीला उकडलेली दिंडं, एकेक करत सगळं शिकले. वेणी पण शिकले. वेणी जरा डावीकडं कललेली असायची, पण घट्ट.

पोर मोठी झाली. लोणावळ्याला कॉलेजात जायला लागली. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगते, कारण मला वाटतं सगळं तिथून बिघडलं.

बंगल्यावर मालकांचे पाहुणे आले होते, आणि पाऊस असा लागला की जेवण घेऊन येणारा माणूस वाटेतच अडकला. पोरं भुकेनं रडायला लागली. भाऊंनी घरून तांदळाचं पीठ नेलं, ताकात भिजवलं, मीठ, जिरं, मिरची, आणि बिडाच्या तव्यावर घावन घालायला बसले. गरम घावन आणि लसणाची चटणी. पाहुणे तव्याभोवती गोळा झाले. एका बाईनं मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं. वर म्हणाली, "भाऊ, तुम्ही शनिवार-रविवार इथं हेच सुरू करा. बाहेर पाटी लावा, लाइन लागेल."

भाऊंनी मला नंतर सांगितलं, "वैनी, म्या म्हनलं, न्हाई जमणार. घरच्या मान्साच्या पोटाचं माप मला म्हाईत असतं. गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप मला कळत न्हाई."

पण ते शूटिंग फिरत फिरत गावात आलं, आणि कॉलेजातल्या पोरांपर्यंत गेलं. पोरं ती. वैशी वर्गात शिरली की मागून कुणीतरी म्हणायचं, "बबनबाई, दोन घावन पार्सल." तिनं घरी सांगितलं नाही बरेच दिवस. मग एका संध्याकाळी सांगितलं. मी तेव्हा त्यांच्याकडं ताक द्यायला गेले होते. ती चिडलेली नव्हती, हळूच म्हणाली, "बाबा, तुमी घरात काय पण करा. बाहेरच्यांसमोर नका करत जाऊ."

"बरं," भाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून चूल पेटली की ते दार लोटून घ्यायला लागले. आत सगळा धूर. डोळे लाल व्हायचे त्यांचे. ज्या माणसानं पोरीला घराचा धूर दिसावा म्हणून भाकरी शिकली, त्याच माणसाच्या घरातून आता धूर दिसेना. मी एकदा म्हटलं, "भाऊ, दार उघडा की, गुदमराल." तर म्हणाले, "पोरीचं बी बरोबर हाय, वैनी. तिला लोकांत जायचं असतं."

तळेगावचं स्थळ आलं. चांगली माणसं, घरची शेती, जावई कंपनीत. लग्न झालं. कन्यादानाच्या वेळी भाऊंनी सवयीनं डावा हात पुढं केला, आणि भटजींनी टोकलं, "उजवा, उजवा हात." मांडवात थोडे लोक हसले. भाऊही हसले. एवढंच. मी ते विसरूनही गेले होते.

लेक पहिल्यांदा माहेरी आली, चार दिवस राहिली. आता परत पाठवायचं तर शिदोरी हवी. आमच्याकडं लेक सासरी जाताना रिकाम्या हातानं जात नाही, आणि शिदोरीत मुरडीच्या करंज्या पाहिजेतच. साच्यातल्या नाही, कातणीनं कापलेल्याही नाही. कडेला बोटानं दुमडत दुमडत मुरड घालायची, वेणीसारखी. मुरड घातलेली करंजी दिली म्हणजे लेक पुन्हा माहेरी वळते, असं धरतात. मी म्हटलं, मी करते. भाऊंनी ऐकलं नाही. "तिची आई असती तर तिनं केलं असतं का तुमच्याकडं दिलं असतं?"

मग मी नुसती बाजूला बसले. खोबरं किसून भाजलं, रवा, खसखस, पिठीसाखर, वेलदोडा. रवा-मैद्यात कडकडीत तुपाचं मोहन घालून दुधात भिजवलं. भाऊ म्हणाले, "हा माल फस्कलास जमलाय." पारी लाटली, सारण भरलं आणि मुरड घालायला घेतली. काय सांगू तुम्हाला, ज्या बोटांनी तरुणपणी विटा उचलल्या, त्या बोटांनी इतकी बारीक मुरड. फक्त उलटी. आपण घालतो ती मुरड एका अंगाला झुकते, त्यांची दुसऱ्या अंगाला झुकायची, डाव्या हाताची ना. परातीत ओळीनं मांडलेल्या बघितल्या तर आरशात बघितल्यासारखं वाटायचं.

वैशी डबा घेऊन गेली. आणि तळेगावात काय झालं ते आम्हाला कळलं तिच्या डोहाळजेवणाला.

सासरीच होतं डोहाळजेवण. मी गेले होते, भाऊ गेले होते. ओट्या भरून झाल्या तशा वैशीच्या सासूबाई माझ्याकडं आल्या. मोठ्या मायाळू बाई, बोलायला मोकळ्या. माझी ओटी भरली, साडी दिली, आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या आमच्या वैशालीच्या काकी. त्या करंज्या यांच्याच हातच्या. दरवेळी डबा येतो नि आमच्याकडं भांडणं लागतात."

मी वैशीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली, हिरव्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसली. आणि मला सगळं कळलं. नवी नवरी, चार बायकांनी विचारलं असणार, आई नाही तर मग हे केलं कुणी? आणि तिच्या कानात ते "बबनबाई" वाजलं असणार. काकींनी केल्या, म्हणाली. निसटलंच असेल तोंडातून. वाईट मनानं नाही.

मी तोंड उघडलं. सांगणारच होते. तेवढ्यात पुरुषांच्या पंगतीतून भाऊंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "वैनींचा हातच तसा हाय, इहीणबाई. आमी तर लहानपणापासनं पोरीला त्यांच्याच हातचं चारलं."

परत येताना गाडीत ते भाताबद्दल बोलले, बंगल्याच्या मोटरीबद्दल बोलले. मळवलीला उतरल्यावर रूळ ओलांडून घराकडं निघालो तेव्हा म्हणाले, "वैनी, तुमी काय बोलू नका. पोरीला तितं नांदायचंय. आपणहून म्हणल ती कवातरी. एकदा म्हणली तरी बास."

"आणि नाही म्हणाली तर?"

"म्हणल की. माझीच हाय ती."

ती साडी मी त्यांच्याकडं नेली. म्हटलं, "ही तुमची कमाई, घ्या." तर म्हणाले, "मी काय नेसून गिरणीत जाऊ? रशीदभाईला तेवढंच पायजे."

तेव्हापासून असं ठरूनच गेलं. करंज्या त्यांनी करायच्या, दार लोटून. डबा माझ्या घरी आणून ठेवायचा. जावयाची गाडी माझ्या दारात यायची, डबा माझ्या हातातून जायचा. वैशी डबा घेताना माझ्याकडं बघायची नाही. बापाच्या पाया पडायची, आणि तिथं जरा जास्तच वेळ वाकून राहायची. मला वाटायचं, आता म्हणेल. ओठापर्यंत आलंय. पण जितकी वर्षं जातात तितकं खोटं जड होतं, उचलवत नाही. नात झाली, ती बोलायला लागली, ती पण मला म्हणायची, "काकीआजी, तुझ्या करंज्या लय भारी." भाऊ शेजारीच बसलेले असायचे. तिच्या ओठाला लागलेलं सारण पंच्यानं पुसायचे आणि म्हणायचे, "व्हय ना. म्या बी लहानपणापासनं तेच खातो." पोर हसायची. आम्ही मोठी माणसं कुणीच हसायचो नाही.

मी एकदाच वैशीला एकटीला गाठलं होतं. म्हटलं, "अगं, सांग की आता. कोण काय म्हणणार आहे तुला?" तर तिचे डोळे भरून आले. "काकी, कसं सांगू? आता सांगितलं तर म्हणतील, इतकी वर्षं बापाला लपवला."

मग भाऊंचा हात थरथरायला लागला. डावाच. आधी चहाच्या कपात दिसलं, मग मुरडीत. गेल्या श्रावणात नागपंचमीला वैशी येऊन गेली, तेव्हाच्या करंज्यांची मुरड कुठं घट्ट, कुठं सैल अशी झाली होती. दोन-तीन तळताना उकलल्याही. ते म्हणाले, "घरचं हाय, चालतंय," पण आवाजात जोर नव्हता.

आणि चार दिवसांनी वैशीच्या सासूबाईंचा मला फोन आला. भाऊ आमच्या ओट्यावर बसले होते. त्यांना ऐकू जावं म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला, सवयच होती आमची ती, करंज्यांचं कौतुक त्यांनाही ऐकता यावं म्हणून.

"काकी, बरं आहे ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"बरी आहे की. का हो?"

"नाही, यंदा मुरड जरा सैल दिसली. म्हटलं हाताला काही झालं का. औषधपाणी करताय ना?"

"छे छे, ठणठणीत आहे मी."

"मग बरं," म्हणाल्या. जरा थांबल्या, पुढं काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं, पण ठेवला फोन.

भाऊंनी आपला हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "वळखलं वाटतं बाईंनी."

"काही ओळखलं नाही. माझी तब्येत विचारली."

"मुरडीवर नजर गेली म्हंजे आज ना उद्या बाकीचं बी दिसंल. पोर खोटी पडंल माझ्यापायी." असं म्हणून उठले आणि गेले.

भाद्रपदात, भात पोटरीत आलं होतं तेव्हा, सकाळी बंगल्याच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. कुणाला काही करायला लावलं नाही त्यांनी.

त्या दिवाळीत मीच करंज्या केल्या. नातीनं मागितल्या होत्या. वैशी आणि तिच्या सासूबाई दोघी भाऊंच्या घरात दिवा लावायला आल्या. घर झाडलं, दार उघडं टाकलं, चूल सारवली. मी डबा घेऊन गेले. सासूबाईंनी एक करंजी उचलली, उजेडाला धरली, आणि मुरडीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ही तुमची."

"हो, माझीच."

"आणि इतकी वर्षं यायच्या त्या व्याह्यांच्या."

वैशीच्या हातात दिव्यासाठी वळलेली वात होती. ती तशीच राहिली.

"आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुझ्या कन्यादानाला त्यांनी डावा हात पुढं केला, भटजींनी टोकलं. त्यानंतर पहिला डबा आला तर मुरड सगळी उलटी. मी पण जन्मभर करंज्याच केल्यात की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काकी म्हणालीस. चार बायकांत तुला खोटी पाडू? म्हटलं, नवी आहे, रुळेल, सांगेल आपणहून. मग तू सांगितलं नाहीस आणि माझ्याच्यानं विचारवलं नाही. बापानं लेकीसाठी केल्या, त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं रोज मनात यायचं बघ."

मी विचारलं, "आणि श्रावणातला तो फोन?"

"तो त्यांच्यासाठीच होता. मुरड बघून कळलं, हात चालत नाही त्यांचा. त्यांना सरळ कसं विचारू? म्हणून तुमचं नाव घेऊन विचारलं. म्हटलं, तुम्ही शेजारी आहात, त्यांच्यापर्यंत पोचेल."

पोचलं होतं. पण कसं पोचलं, ते मी त्या दोघींना सांगितलं नाही. वैशी चुलीपुढं बसली होती, बाप बसायचा तिथंच, सारवलेल्या ओल्या जमिनीवर हात ठेवून. ऐकलंय की, आता तळेगावात फराळाला जो येतो त्याला ती सांगते, करंज्या माझे बाबा करायचे. चांगलं आहे. लोक मान डोलावतात, दुसरी करंजी घेतात.

मी मात्र तिला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. सांगावी की नाही, कळत नाही. ती इथं लिहिते.

भाऊ जायच्या चार-पाच दिवस आधी मी त्यांच्याकडं ताक द्यायला गेले होते. दुपारची वेळ. दार लोटलेलं, पण चूल पेटलेली नव्हती. मी दार ढकललं. भाऊ जमिनीवर बसलेले, पुढ्यात साध्या कणकेच्या पाऱ्या लाटलेल्या. परातीत करंज्या मांडलेल्या, पण सपाट, पोट नसलेल्या. आत काहीच नाही.

"भाऊ, हे काय? रिकाम्या करंज्या कुणासाठी?"

त्यांनी वर बघितलं. डावा हात मांडीखाली दाबून धरला होता, पोरं लपवतात तसा. आणि उजव्या हातानं, त्या न ऐकणाऱ्या हातानं, ते कडेला मुरड घालत होते. एक दुमड नीट पडायची, दुसरी सुटायची. कणीक दाबून पुन्हा पहिल्यापासून.

"दिवाळीपतूर जमंल," ते म्हणाले. "सारण मागनं. आधी हात तर बसू दे."

मग परातीतली एक उचलून त्यांनी माझ्या पुढं धरली, बराच वेळ फिरवून फिरवून बघितली, आणि विचारलं, "बघा बरं वैनी, आता तुमच्यासारखी दिसती का?"